मिलिंददादाचं रिफॅक्टरिंगचं पुस्तक

मिलिंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. फोन खामगावच्या डायलिसिस केंद्रातल्या पठाणभाईंचा होता. ते तिथे मशीन लावतात, सुया लावतात, लोकांशी दोन शब्द बोलतात. एरवी मोकळ्या आवाजाचा माणूस, त्या दिवशी बराच वेळ नुसतं ‘सर... सर...’ म्हणत राहिले. मग म्हणाले, “मिलिंदभाऊ गेले सर. घरीच गेले. वहिनीनं फोन केला होता.” संध्याकाळी गावी निघायची पिशवी भरत होतो तर मोबाइलवर मेसेज आला... ‘उद्या सकाळची पाळी. मिलिंद तायडे.’ डायलिसिसला येणाऱ्यांना आदल्या दिवशी पाळीची आठवण करून देणारा तो मेसेज दादानेच लिहिलेल्या प्रोग्राममधून जायचा. नीट जातो की नाही हे तपासायला त्याने स्वतःच्या पाळीचा मेसेज माझ्या नंबरावरही लावून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या गावी, वरवट बकालला, स्मशानातून परतताना पठाणभाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “सर, त्यांच्या नावाचा मेसेज बंद कुठून होते?” मला सांगता आलं नाही. ते एकट्या दादाला माहीत होतं. दादाचं शेवटचं वर्षभराचं काम हेच होतं, की त्या प्रोग्राममधलं सगळं काही एकट्या दादालाच माहीत असू नये. ते काम पुरं झालं नाही, म्हणून हा लेख.

आम्ही एकाच वस्तीतले. दादा माझ्यापेक्षा मोठा. आमच्या बाजूच्या पाच-सहा घरांत कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस तो, दुसरा मी. तो खामगावला बी.एस्सी. झाला, पुण्यात दोनेक वर्षं नोकरी केली, आणि वडील आजारी पडले म्हणून परत आला तो आलाच. शेगावला एक खोली घेऊन त्याने संगणकाचा क्लास काढला. शाळांचे निकाल, दवाखान्यांच्या नोंदी, जे मिळेल त्याचे प्रोग्राम लिहून द्यायचा. मी बारावीत होतो तेव्हा त्याने मला त्या खोलीत नेऊन बसवलं आणि म्हणाला, “भिऊ नको बे. हे बिघडलं तं आपल्यालेच दुरुस्त करता येते. दुसरं असं कोनतं यंत्र हाय?” माझे वडील वीटभट्टीवर होते. इंजिनीअरिंगचा अर्ज कसा भरतात, वसतिगृह कसं मिळतं, मुलाखतीला कोणते बूट घालतात, हे सगळं मला दादाने सांगितलं. बूट तर त्याचेच होते. आज पुण्यात ज्या खुर्चीत बसून मी पगार घेतो ती खुर्ची त्याच्या बोटाला धरून मिळाली आहे, आणि हे मी त्याला कधी सरळ सांगितलं नाही कारण त्याने सांगू दिलं नसतं. “चाल, लय झालं,” म्हणाला असता.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी जिभेला खारट लागतं, आणि किडनीचं दुखणं कोणाच्या ना कोणाच्या घरी असतंच. दादाच्या वडिलांना होतं. मग दादाला निघालं. आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी, शेगावला बदलायची, खामगावला चार तास मशीनवर, आणि दुपारी तोच रस्ता परत. सोबत त्याची बायको, सुजाता वहिनी. ज्या धर्मादाय केंद्रात तो जायचा तिथे तेव्हा पाळ्या फळ्यावर खडूने लिहायचे आणि रोज भांडणं व्हायची. दादाने मशीनवर पडल्या पडल्या ते पाहिलं आणि महिनाभरात त्यांना पाळ्यांचा प्रोग्राम लिहून दिला, फुकट. तेव्हापासून लोक भांडायचे थांबले. पण त्या प्रोग्रामचं पुढे काय झालं हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. दर आठवड्याला कोणीतरी नवीन अडचण घेऊन आलं, आणि दादाने ती मधेच कुठेतरी ठिगळासारखी शिवून टाकली. अमक्या गावाची एसटी दुपारी एकच आहे, म्हणून त्याला सकाळची पाळी. हे दोघे भाऊ एकाच गाडीने येतात, म्हणून दोघे एकाच वेळी हवेत. ही बाई रोजाने जाते, तिला बाजाराचा दिवस नको. अशा ठिगळांवर ठिगळं चढली, आणि शेवटी अशी अवस्था झाली की मंगळवारची पाळी हलवली तर शुक्रवारची बिघडायची, आणि का बिघडली हे दादाशिवाय कोणाला कळायचं नाही. एकाच माणसाच्या हाताला पान्हा सोडणारी म्हैस असते, तसा तो प्रोग्राम झाला होता. दादा स्वतःच म्हणायचा, “मी हाओ तोपर्यंत दूध हाय.”

मागच्या उन्हाळ्यात त्याची तब्येत ढासळली तेव्हा त्याने मला फोन करून विचारलं, “सुम्या, तुमच्याकडे जुना कोड सुधरवतात ना... त्याचं पुस्तक असते म्हनतात. ते घेऊन ये.” ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कामात रिफॅक्टरिंग म्हणून एक प्रकार असतो. प्रोग्राम जे करतो ते तसंच करत राहायला हवं, बाहेरून कोणाला फरक कळता कामा नये, पण आतली मांडणी अशी सुधारायची की उद्या दुसऱ्या माणसाने उघडलं तर त्याला वाचता यावं. मोटर चालू ठेवून तिचं वायरिंग बदलण्यासारखं हे काम. आणि ते शिकायला पुस्तक लागतं का, यावर आमच्यात वाद चालतो. मी आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना सहज विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “पुस्तक वाचून हे कोणी शिकलंय का? जुना कोड उघडायचा, एक धागा ओढायचा, फाटलं तर परत शिवायचं. आणि आता तर एआयला सांगितलं की तेच करून देतं. कोणाला द्यायचंय पुस्तक, म्युझियमला?” त्यांचं खोटं नव्हतं. मी स्वतः असाच शिकलो होतो, फाडून आणि शिवून. तरी मी पुस्तक घेतलं. इंग्रजी, विटेसारखं जाड. दादाने ते हातात घेतलं, आधी वास घेतला, मग वहिनीला म्हणाला, “कव्हर घाल.”

तो ते मशीनवर असताना वाचायचं म्हणत होता, कारण घरी आल्यावर त्याच्यात बसायचीही ताकद नसायची. पण एका हातात सुया, तो हात चार तास हलवायचा नाही, आणि दुसऱ्या एका हाताने ती वीट किती वेळ धरणार? मी म्हटलं, “दादा, आपण पुस्तकाचे चार भाग कापू. एक एक भाग हलका होईल.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. ज्या घरांत दोन पिढ्यांआधी पुस्तकाला हात लावायची सोय नव्हती, त्या घरांत पुस्तकावर कात्री चालत नाही. मग वहिनीच म्हणाल्या, “मी वाचून दाखवतो की. विहारात नाई वाचत का?” आमच्याकडे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडलं तिथे थांबून समजून घ्यायचं. वहिनींचं वाचन वस्तीत नावाजलेलं आहे. शिक्षण बारावी. इंग्रजी अक्षर ओळखीचं, पण प्रोग्रामिंगचा गंध नाही. दादाने आषाढी पौर्णिमेच्या पुढच्या पाळीला सुरुवात केली... प्रस्तावनेपासून. प्रस्तावनेच्याही आधीच्या आभाराच्या पानापासून.

त्या पावसाळ्यात मी एकदा सुट्टी काढून त्यांच्याबरोबर खामगावला गेलो होतो. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. मशीनची घरघर, नळ्यांतून जाणारं रक्त, आणि स्टुलावर बसून मांडीवरचं पुस्तक वाचणाऱ्या वहिनी. पुस्तकात मधे मधे प्रोग्रामचे तुकडे होते. “हे वाकडे कंस बी वाचू का?” त्यांनी विचारलं. “सगळं वाच,” दादा डोळे मिटून म्हणाला. “लेखकानं ठेवले तं काही कारनानंच ठेवले.” बाजूच्या मशीनवर उंद्रीचे एक काका असायचे. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “बाई, या पोथीत राक्षस कधी येते?” दादाने डोळे उघडले. “राक्षस मीच लिहून ठेवला काका. पोथी त्याले मारायची हाय.” काका म्हणाले, “मंग लवकर वाच माय, माह्यी पुढच्या वेळची पाळी दुपारची करून ठेवली त्यानं.” सुया टोचून घेतलेली सगळी माणसं हसली. पठाणभाई म्हणाले, “हसू नका, हात हलला का मशीन ओरडते.”

मला मात्र त्या दिवशीच धास्ती वाटली होती. पुस्तक फार हळू चाललं होतं. एका पाळीत तीन-चार पानं, कधी त्याहून कमी. चहाला थांबलो तेव्हा मी दादाला म्हटलं, “सगळं वाचायची गरज नाही रे. हे पुस्तक संदर्भाला असतं. तुझ्या कामाची तीन प्रकरणं मी खूण करून देतो, तेवढी वाच आणि लगेच कोडला हात घाल. नाहीतर मला दे, मी करतो. एआयकडूनही काढून घेऊ.”

“तुह्या मशिनीले मालूम हाय का ते दोघं भाऊ एका गाडीत येतात?”

“तू सांग, मी लिहून घेतो.”

“मलेच सगळं याद कुठं हाय बे? कोडमधी हाय ते. एकेक ओळ पाह्यली की माणूस आठवते.” मग थोडा दम घेऊन तो म्हणाला, “आन हे पाह्य, मधातून वाचत नसतात. विहारात आपन मधातून सुरू करतो का? सुरू केलं तं सरलं पाह्यजे. मंगच हात लावतो.”

मी पुण्यातल्या बाईंचं म्हणणं त्याला सांगितलं, की हे करून करूनच येतं. तो रागावला नाही. “बरोबर हाय त्यायचं,” म्हणाला. “त्यायच्या बाजूले विचारायले माणूस बसेल हाय. चुकलं तं तो सांगते. तुह्याही बाजूले हाय. माह्या बाजूले कोन हाय सांग. मले जे विचारायचं ते याच माणसाले विचारायचं हाय,” आणि वहिनींच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट केलं. आम्ही मोठ्या शहरात बसून ‘पुस्तक कशाला’ म्हणतो तेव्हा आमच्या शेजारच्या खुर्चीत कोणीतरी वरिष्ठ बसलेला असतो हे विसरतो. वरवट बकालात ती खुर्ची रिकामी आहे. पण दादाची चूकही मला तेव्हाच दिसत होती. ते पुस्तक त्याने ग्रंथासारखं वाचायला घेतलं होतं, आणि ग्रंथाला जेवढा वेळ द्यावा तेवढा त्याच्याकडे नव्हता. डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले होते ते त्यालाही ठाऊक होतं.

आश्विनी पौर्णिमा आली, विहारातला ग्रंथ संपला, दादाचं पुस्तक अर्ध्यावरही नव्हतं. तेव्हा त्याने स्वतःचाच नियम एकदा मोडला. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला, आवाज कापत होता, मला वाटलं दवाखान्यातून आहे. “सुम्या,” तो म्हणाला, “काहीच नाई बदललं बे.” मला कळेना. मग त्याने सांगितलं. पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारी एकच गोष्ट त्याच्या मनात बसली होती. लहान पाऊल टाका, चालवून पाहा, मग पुढचं. त्याने त्या भल्यामोठ्या गुंत्यातून फक्त एकाच गाडीने येणाऱ्यांचा तुकडा वेगळा काढला, त्याला स्वतंत्र नाव दिलं, प्रोग्राम चालवला, आणि येणाऱ्या आठवड्याच्या पाळ्या जुन्या प्रोग्रामने काढलेल्या पाळ्यांशेजारी ठेवून एक एक नाव बोटाने जुळवलं. सगळ्या जशाच्या तशा. इतक्या वर्षांत दादाला मी इतका आनंदी ऐकला नव्हता. ‘काहीच बदललं नाही’ या वाक्यात केवढा आनंद असू शकतो हे आमच्या धंद्याबाहेर कोणाला सांगून कळणार नाही. मी म्हटलं, “दादा, आता थांबू नको. रोज एक तुकडा काढ.” तो म्हणाला, “हाव. पुस्तक सरू दे, मंग लागतोच.”

ते लागणं झालं नाही. हिवाळ्यात त्याच्या हाताची सुया लावायची शीर बंद पडली, मानेतून नळी घातली, नळीला संसर्ग झाला, ताप येत राहिला. वाचन तरी सुरू होतं. मी फोन केला की मागे वहिनींचा आवाज ऐकू यायचा, तोच तसा, एकेक शब्द ठेवत जाणारा. एकदा मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवणारं ॲप सांगितलं, इंग्रजी झरझर वाचतं म्हणून. “त्यायले माह्याच तोंडचं समजते,” एवढंच त्या म्हणाल्या. शेवटचा दादाशी बोललो तेव्हा त्याने कोडबद्दल काही विचारलं नाही. माझ्या आईला पुण्याला नेलं का, तिथलं पाणी गोड आहे का, हे विचारलं... मग म्हणाला, “ठेवतो. वाचायचं हाय.”

दादाचा जलदानविधी, म्हणजे आमच्यातला मृत्यूनंतरचा विधी, झाल्यावर मी तो प्रोग्राम पुण्याला घेऊन गेलो. महिनाभर शनिवार-रविवार त्यात घातले. दादाने वेगळा काढलेला तो एक तुकडा स्वच्छ, कोणालाही कळेल असा. त्याच्या भोवतीचं सगळं रान. मेसेज बंद करायची जागा मला सापडली, ती बंद केली, तर तिसऱ्याच कोणाची पाळी गळाली. मला समजलं तेवढं मी समजून घेतलं, पण ज्या ओळी पाहून दादाला माणूस आठवायचा त्या पाहून मला काहीच आठवत नव्हतं. एआयलाही देऊन पाहिलं. त्याने नीटनेटकं करून दिलं, आणि त्या दोघा भावांच्या पाळ्या वेगवेगळ्या दिवशी गेल्या. केंद्राला वाट पाहणं शक्य नव्हतं, त्यांनी तयार मिळणारा एक प्रोग्राम बसवला. तो वाईट नाही. त्याला एसटी आणि गाडी कळत नाही एवढंच. पठाणभाई आता पाळ्यांचा कागद काढतात आणि त्यावर पेन्सिलने नावं खालीवर करतात. दादाचा प्रोग्राम बंद झाला. ज्यासाठी त्याने ते वर्ष काढलं ते हाती लागलं नाही, हे मला गोड करून लिहिता येत नाही.

परवा गावी गेलो होतो. दादाच्या खोलीत संगणकावर वहिनींनी जुन्या साडीचा कपडा घातला आहे. पाण्याचा कॅन, औषधांची पिशवी अजून खिळ्याला. चहा दिला आणि त्या समोर बसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारतो, खरं सांगजा. पुस्तक वाचत बसलो नसतो तं त्यायचं काम झालं असतं का?”

हा प्रश्न कधीतरी येईल हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर मी मनात कितीदा तरी मऊ करून ठेवलं होतं. पुस्तकातूनच त्याला ते पहिलं पाऊल मिळालं, पुस्तकाशिवाय त्याने हात लावायची हिंमत केली नसती, वगैरे. ते खोटंही नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, “झालं असतं वहिनी. दोन-तीन प्रकरणं वाचून लागला असता तर दिवाळीच्या आसपास झालं असतं.”

त्यांनी मान हलवली. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. “मले वाटेच,” म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “लय थकले होते ते. एसटी, सुया, तो वजनाचा तराजू, पानी मोजून पेनं... उन्हाळ्यातच मले म्हनले होते, हे एवढं काम सरलं का मी मशिनीवर जानं बंद करतो. लोकायच्या पाळ्या लागल्या म्हंजे माह्यावर कोनाचं काही राह्यत नाई. पक्कं ठरवलं होतं. तुम्हाले सांगू नको म्हनले.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हनून मी हळूहळू वाचो. पान झालं का म्हनो, मले समजलं नाई, पुन्हा वाचतो. त्यायले वाटे, हिले इंग्रजी जमत नाई.”

बाहेर कोणीतरी हातपंप मारत होतं. पुस्तक टेबलावर होतं, कव्हर घातलेलं, मधे खुणेला लोकरीचा धागा, आणि धाग्याच्या पुढे अजून बोटभर पानं. वहिनी ते रोज वाचत नाहीत. पाळीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे पूर्वी ज्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची पिशवी भरून ठेवायच्या तेव्हा, घरात कोणी असो नसो, त्या खोलीत मोठ्याने एक पान वाचतात. कधी कधी तेच पान दोनदा.